मलई चिकन घरी करा, पण पीस मोजून वाढा

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढे रांग आणि दुपारी गल्लीभर मसाल्याचा वास, हे आपल्या वस्त्यांत काही नवे नाही. नवे आहे ते पातेल्यात काय शिजते ते. शाळकरी मुले आता सरळ म्हणतात, "मम्मी, रस्सा नको, हॉटेलसारखं कर." मग मोबाइलवर व्हिडिओ बघितला जातो, दुकानातून क्रीमचे पाकीट, बटरची वडी, काजूचे तुकडे येतात आणि घरात बटर चिकन, मलई चिकन, मुघलाई हंडी असले काहीतरी होते. हळदीच्या रात्री, वाढदिवसाला, पाहुणे आले म्हणजे तर हमखास. ज्यांना घरी जमत नाही ते पार्सल आणतात.

यावर दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक, हे सगळे विष आहे, बंद करा. दुसरे, आठवड्यातून एकदा खाल्ल्याने काय होते. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. आमचे म्हणणे असे की दाट, मऊ, मलईदार चिकन जरूर खावे आणि ते घरीच करावे. मात्र त्याचा दाटपणा क्रीमच्या पाकिटातून आणू नये, ते पैसे चिकनमध्येच घालावेत. आणि पातेले उतरल्यावर कोणाच्या ताटात काय पडते तेही बघावे. आरोग्याच्या पानावर तेला-मिठाची चर्चा नेहमी होते, ताटाची होत नाही. म्हणून त्यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत.

आधी एक गोष्ट साफ करू. दाट रस्सा हवासा वाटणे ही चैन नाही. आपल्या आज्यांच्या हातचा रस्सा पातळ असायचा, लाल तर्री आणि खाली पाणी, याचे कारण चव नव्हती. खाणारी तोंडे दहा-बारा आणि मटण अर्धा किलो, मग पाणी वाढवण्यावाचून गत नसे. भाकरी कुस्करून त्यावर ओतले की पोट भरे. तो रस्सा झणझणीत होता, आजही आवडतो, पण त्याचा पातळपणा गरिबीने ठरवलेला होता. आज आपल्या पोरांना घट्ट ग्रेव्ही हवी असेल तर त्यांना "आमच्या वेळी असलं नव्हतं" असे ऐकवण्यात काही अर्थ नाही.

पण पांढरे, दुधा-लोण्यातले ते भारी आणि लाल-काळे, कुटाचे, खोबऱ्याचे ते हलके, ही समजूतही डोक्यात घुसली आहे. ती कुठून आली ते तपासले पाहिजे. बटर चिकनला लोक शाही म्हणतात. त्याची जी कथा सांगितली जाते ती मात्र शाही नाही. १९४७ च्या फाळणीत पेशावरहून निर्वासित होऊन दिल्लीत आलेल्या माणसांनी दर्यागंजमध्ये 'मोती महल' हे हॉटेल काढले. तिथे तंदूरमध्ये भाजलेले चिकन उरून कोरडे पडायचे, ते वाया जाऊ नये म्हणून टोमॅटो, बटर आणि क्रीमच्या रश्श्यात घालून पुन्हा मऊ केले. हे पहिल्यांदा कोणी केले यावरून दोन घराण्यांचे भांडण २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले. म्हणजे घरदार गमावून आलेल्यांनी उरलेल्या मांसाचे जे केले, तेच आज मेन्यूकार्डावर सगळ्यात वर छापलेले असते.

आणि आपल्याकडे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या स्वयंपाकाची नोंद केली. त्या स्वयंपाकात दूध-तुपाला जवळजवळ जागा नाही, कारण ते हाती लागतच नव्हते. टाकाऊ ठरवलेल्यातून चव काढण्याची अक्कल त्याही चुलीवर होती. तिला शाही कोणी म्हटले नाही, एवढाच फरक. तेव्हा क्रीम घातले म्हणून जेवण वरच्या दर्जाचे होते असे मानण्याचे आपल्याला तरी काही कारण नाही.

आता हिशेब. व्हिडिओत दाखवतात तशा कृतीला एक किलो चिकनमागे साधारण १०० ग्रॅम बटर, २०० मिली क्रीम, ५० ग्रॅम काजू आणि तीन मोठे चमचे तेल लागते. बटरमध्ये ८० टक्के चरबी असते, म्हणजे ८० ग्रॅम. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये सुमारे २५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम. काजूचे २२, तेलाचे ४०. सगळे मिळून १९० ग्रॅम झाले. सहा माणसांत वाटले तर माणशी ३० ग्रॅमच्या वर जाते, तेही एका जेवणात, एका भाजीत. धडधाकट माणसाने अख्ख्या दिवसात वरून घ्यायचे तेल-तूप कामाच्या प्रमाणात २० ते ३० ग्रॅम असावे असे पोषणाचे जाणकार सांगतात. सकाळची पोळी, चहाबरोबरची खारी, संध्याकाळची भजी अजून यात धरलीच नाहीत. शिवाय बटरमध्ये मीठ असते, तयार मसाल्याच्या पाकिटात असते, आणि आपण वरून घालतो ते वेगळे. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, ही मिठाची मर्यादा आहे. ज्या घरात बीपीची गोळी चालू आहे त्या घराने हे लक्षात घ्यावे.

पैशाचेही बघा. आपल्या दुकानातला भाव लावून एक क्रीमचे पाकीट आणि एक बटरची वडी यांची बेरीज करा. बहुतेक ठिकाणी ती अर्धा किलो चिकनच्या आसपास जाते. चिकन आणायचे किलोभर आणि त्याला रंगरूप द्यायला जवळपास अर्ध्या किलोचे पैसे घालायचे, हा व्यवहार आम्हाला उलटा वाटतो.

मग मलईसारखा दाटपणा आणायचा कसा? तीन गोष्टींतून: शेंगदाणे, दही आणि नीट परतलेला कांदा. यात नवे काही नाही, फक्त पद्धत थोडी बदलायची.

एक किलो चिकनला मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम शेंगदाणे घ्या. मंद आचेवर भाजा, पण काळे डाग पडू देऊ नका. साले चोळून काढा. नेहमीसारखे कोरडे कूट करू नका. गरम पाण्यात वीस मिनिटे भिजत घाला आणि त्याच पाण्यासकट मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटा. बोटाला कण लागता कामा नये. हे वाटण दुधासारखे पांढरट होते. रश्श्यात शिजल्यावर काजूचे की शेंगदाण्याचे हे ओळखणारा विरळा. चार कांदे उभे चिरून एक चमचा तेलात मऊ होईपर्यंत परता, तेही वाटून घ्या. कांदा घाईत परतला की रस्सा उग्र होतो आणि मग लोक तो सौम्य करायला क्रीम ओततात, खरी गोम इथेच आहे. दहा-बारा मिनिटे गॅसपाशी उभे राहायची तयारी ठेवा.

चिकनला हळद, मीठ, आले-लसूण आणि दोन चमचे दही लावून अर्धा तास ठेवा. पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून खडा मसाला, मग कांद्याचे वाटण, दोन टोमॅटो, बेडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड, धणे-जिरे घाला. तेल सुटू लागले की चिकन घालून पाच-सात मिनिटे परता. मग शेंगदाण्याचे वाटण आणि गरम पाणी घाला. झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे शिजवा. मधूनमधून तळापासून हलवा, शेंगदाणा खाली लागतो.

दही शेवटी घालायचे, पाव किलो. दही फाटते ही सगळ्यांची तक्रार असते. त्याला उपाय सोपा आहे. दही थंडगार नसावे. त्यात एक छोटा चमचा बेसन घालून चांगले घुसळून घ्यावे. गॅस अगदी बारीक करून एकेक चमचा घालत हलवत राहावे आणि नंतर मोठी उकळी येऊ देऊ नये, पाच मिनिटे नुसते खदखदू द्यावे. आणखी घट्ट हवे असेल तर दही तासभर फडक्यात टांगून ठेवा. टोन्ड दुधाच्या दह्यात शंभर ग्रॅमला तीन ग्रॅमच्या आसपास चरबी असते. चक्का केला तरी ती क्रीमच्या निम्म्याहून बरीच खाली राहते. वर चुरडलेली कसुरी मेथी घाला. हॉटेलचा म्हणून जो वास आपल्या नाकात बसला आहे त्यातला बराचसा हिचाच असतो.

या पातेल्यात चरबी साधारण ७० ग्रॅम झाली, माणशी १२. ३२ आणि १२ मधला फरक सांगायला डॉक्टर नको. एखाद्याला साय घातल्याशिवाय चैन पडत नसेल तर घरच्या दुधाची दोन चमचे साय घुसळून वरून घालावी. भांडण सायीशी नाही, प्रमाणाशी आहे.

शेंगदाण्याबद्दल मात्र एक ताकीद. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात, ओल्या भिंतीशेजारी ठेवलेल्या शेंगदाण्याला बुरशी धरते. त्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. काळपट, सुरकुतलेले, खवट किंवा कडू दाणे निवडून फेकून द्या, "वाटणात जाईल" म्हणून खपवू नका. दाणे थोडे-थोडे आणा, कोरड्या बंद डब्यात ठेवा. घरात कोणाला शेंगदाण्याने अंगावर पित्त उठते, घसा सुजतो, तर त्या घराने तीळ किंवा थोडे काजू वापरावेत. सुके खोबरेही चालते, पण थोडेच, कारण त्यात अर्ध्याहून जास्त चरबीच असते.

आपल्याच मुलखात रस्सा दाट करण्याच्या किती तऱ्हा आहेत ते बघा. कोल्हापूरचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधावर उभा आहे, दुधाचा थेंब नाही. मराठवाड्यात येसर लावतात, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचे मसाला घालून केलेले पीठ. खानदेशात कांदा-खोबरे काळे होईस्तोवर भाजून वाटतात. चमचाभर येसर कढत रश्श्यात सोडली तर क्रीमची आठवण होत नाही. सुनेने हे सासूकडून विचारून घ्यावे, व्हिडिओपेक्षा ते लवकर कळेल.

पार्सलबद्दल थोडक्यात. ग्रेव्हीचा भडक केशरी रंग मिरचीने येत नाही. कृत्रिम रंग ठरावीक पदार्थांतच चालतात, चिकनचा रस्सा त्यात बसत नाही. कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये कबाबांत कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आणली, ती तपासणीत नमुने खराब निघाल्यावरच. बोटांना लागलेला रंग धुऊनही जात नसेल तर तो रंग पोटातही गेला आहे. केकवाले वापरतात ते स्वस्तातले क्रीम तर पुष्कळदा दुधाचे नसून वनस्पती तेलाचे आणि साखरेचे असते. केटरिंगवाल्याला हळदीची ऑर्डर देताना हे विचारायला लाजू नका.

आता ताटाकडे येऊ.

एक किलो चिकनचे साधारण सोळा-अठरा पीस होतात. घरात सहा माणसे. हिशेबाने प्रत्येकाला तीन. प्रत्यक्षात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. आधी पुरुष, मग पाहुणा, मग मुलगे, लेगपीस ठरलेल्या ताटात. मुलीला "तुला एवढं लागतं का" असे विचारून वाढले जाते. जिने ओट्यापाशी दीड तास घालवला ती शेवटी पातेले पुढे ओढते तेव्हा तळाशी रस्सा, मानेचा तुकडा आणि फार तर पंखाचे टोक. भाकरी बुडवून ती म्हणते, "मला रस्साच आवडतो." हे वाक्य आपल्या किती घरांत किती वर्षे चालले आहे! आवडत असेलही. पण रविवारमागून रविवार तोच रस्सा तिच्याच वाट्याला यावा, इतकी ती आवड सोयीची कशी?

रश्श्यात आणि पीसमध्ये काय फरक आहे ते आकड्यात सांगतो. हाडे वगळून एक किलोतून सहाशे-साडेसहाशे ग्रॅम मांस निघते. त्यात शंभर ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने. म्हणजे सारखी वाटणी केली तर माणशी २० ग्रॅम. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. तिचे तीन पीस तिच्या ताटात पडले तर जवळजवळ निम्मी गरज एका जेवणात भागते. नुसता क्रीमचा रस्सा पडला तर चरबी तिच्या वाट्याला पुरेपूर येते आणि प्रथिने एक-दोन ग्रॅम. शेंगदाणा-दह्याच्या रश्श्यात निदान तीन-चार ग्रॅम तरी मिळतात. आम्ही कुटाचा आग्रह धरतो त्याचे हेही एक कारण आहे. वजन वाढलेले, हात-पाय गळालेले आणि रक्त कमी, अशा आपल्या चाळिशीतल्या किती तरी बाया दवाखान्याच्या रांगेत दिसतात. खातात म्हणून त्या जाड होतात असे लोक म्हणतात. त्या काय खातात ते कोणी विचारत नाही.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याला कारणे अनेक आहेत, चिकनची वाटणी हे त्यातले एक छोटे कारण. पण आपल्या हातातले आहे. म्हणून वाढण्यापूर्वी पीस मोजावेत आणि जितकी माणसे तितके वाटे करावेत. जी बाई शेवटी जेवणार तिचा वाटा आधी डब्यात काढून झाकून ठेवावा. हे काम तिच्यावर टाकू नये, ती स्वतःचा वाटा कधीच काढणार नाही. नवऱ्याने काढावा, मोठ्या मुलाने काढावा. रविवारचे चिकन हौसेने स्वतः करणारे पुरुष आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत, त्यांनी तर पळी हातात आहे तोवरच हे करावे. समतेवर भाषण ऐकून घरी आलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

कलेजी स्वस्त मिळते आणि तिच्यात लोह भरपूर असते. पण तीही "पुरुषांची" म्हणून चाखणा होऊन जाते. पाळी येणाऱ्या मुलींना आठवड्यातून एकदा थोडी कलेजी द्यावी. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती खाऊ नये, तिच्यातले अ जीवनसत्त्वाचे जादा प्रमाण पोटातल्या बाळाला चालत नाही. किडनीचा आजार असलेल्याने चिकन किती खावे हेही डॉक्टरच सांगतील. साखरेच्या आजाराच्या माणसाला हे पातेले चालते, त्याबरोबरचे बटर नान आणि ताटभर भात चालत नाही. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू घ्यावे.

फ्रिज नसलेल्या घरांसाठी दोन शब्द. चिकन आणल्याबरोबर शिजवायला घ्यावे, मसाला लावून उन्हाळ्यात चार-चार तास ठेवू नये. नळाच्या धारेखाली खळाखळा धुतले की शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर, कापलेल्या कोथिंबिरीवर उडतात आणि जंतू तिथे जातात. टोपात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे, पाणी हळूच ओतावे, मग हात आणि सुरी साबणाने धुवावी. टोमॅटो आणि दही दोन्ही आंबट आहेत, त्यामुळे शिजवून झालेले चिकन ॲल्युमिनियमच्या टोपात रात्रभर ठेवू नये, स्टीलच्या भांड्यात काढावे. दह्याचा आणि खोबऱ्याचा रस्सा लवकर आंबतो. दुपारचे रात्री खायचे असेल तर जेवणानंतर लगेच उकळून झाकून ठेवा आणि खाताना पुन्हा खळखळून उकळा. तेव्हा दही थोडे फाटेल, फाटू द्या. दुसऱ्या दिवसावर मात्र नेऊ नका.

वर्षावासात किंवा पौर्णिमेला ज्या घरांत मांसाहार करत नाहीत त्यांनी हेच वाटण सोयाबीनच्या वड्यांना लावावे. वड्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून दोनदा घट्ट पिळून घ्या म्हणजे त्यांचा वास जातो, मग कांद्याच्या वाटणात परतून पुढे चिकनसारखेच करा. वेळ निम्मा लागतो. वाटेही तसेच काढा.